इंग्रजी वर्कशॉपमध्ये शिकवा!

तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. आता तो ह्युंदाईकडे आहे. बारा वर्षं लाइनवर काढलेल्या कामगाराला काम कुणी शिकवायला नको. नवी नोकरी शोधताना तो अडतो इंग्रजीपाशी.

मग त्याला पाठवायचं कुठं? स्पोकन इंग्लिशच्या क्लासला! तिथं पस्तिशीतला बाप्या ‘धिस इज अ पेन’ घोकणार आणि चौथ्या दिवशी दांडी मारणार. (आपणही मारली असती.) त्याला वाचायचाय पॅनेलवरचा अलार्म, लिहायच्यात लॉगबुकात दोन ओळी.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलेजांत ‘आय-बेस्ट’ नावाची पद्धत आहे. एकाच वर्गात दोन शिक्षक, एक कामाचा, दुसरा भाषेचा. वेल्डिंग शिकता शिकता वेल्डिंगचंच इंग्रजी.

मावळात हे जमायला अमेरिका कशाला हवी? आपलं वर्कशॉप रविवारी बंदच असतं. सरांनी सीएनसी चालवून दाखवावं, मॅन्युअल वाचून घ्यायला आम्ही होस्टेलवाले आहोतच. त्या निमित्तानं आम्हीही ते एकदा उघडू! लोणावळ्याच्या हॉटेलांत काम करणाऱ्यांसाठी मेसचं किचन आहे. सर्टिफिकेटचं नंतर बघू, सरांनी आधी किल्ली तेवढी द्यावी.