शेक संपला म्हणजे औषध संपले नव्हे



ऊस विकास खात्याने या पानावर लागण, खोडवा आणि खते यांच्याविषयीच सांगावे हा रिवाज. यावेळी तो आम्ही मोडतो आहोत. खोडव्याच्या नोंदी घेत फिरताना एका जुन्या सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. त्यांना प्रोस्टेट ग्रंथीचा जहाल कर्करोग निघाला होता. किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला 'शेक' म्हणतो तो, पुरा झाला. पण दर तीन महिन्यांनी घ्यायचे हार्मोनचे इंजेक्शन त्यांनी दोनदा घेऊन बंद केले. "आता लघवी साफ होतीया, मग कशाला हेलपाटं?" असे ते म्हणाले. आम्हाला उत्तर देता आले नाही. मागाहून डॉक्टरांना विचारून, वाचून जे कळले ते मांडतो.

ही ग्रंथी लघवीच्या पिशवीखाली असते. तिचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली अमेरिकेत दाखवले. 1966 साली त्यांना नोबेल मिळाले. तुकडा तपासून ग्लीसन गुण 8 ते 10 आले तर रोग जहाल समजतात. शेक गाठीवर काम करतो, इंजेक्शन रोगाचे खाद्य तोडते.

युरोपात अशा जहाल किंवा ग्रंथीबाहेर सरकलेल्या रोगाच्या 415 रुग्णांवर चाचणी झाली. नुसता शेक घेतलेल्यांपैकी दहा वर्षांनी शंभरात सुमारे 40 हयात होते; शेकाबरोबर तीन वर्षे हार्मोन उपचार घेतलेल्यांत 58. पुढे 970 रुग्णांत सहा महिने आणि तीन वर्षे अशी तुलना झाली. पाच वर्षांत सहा महिनेवाल्यांत शंभरी 19 दगावले, तीन वर्षेवाल्यांत 15. उलट बाजूही पाहा: स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमधील 875 रुग्णांत नुसत्या हार्मोन उपचारावर दहा वर्षांत शंभरी 24 जण या रोगाने गेले, शेक जोडल्यावर 12. म्हणजे दोन्ही हवे, आणि पुरे हवे.

काणीचा काळा चाबूक तेवढा कापला आणि बेट तसेच ठेवले, तर खोडव्यात काय होते हे आम्ही सभासदांना सांगायला नको.

इंजेक्शनचा त्रास होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. अंगाची आग होते, थकवा येतो, इच्छा मरते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढू शकते. पण त्रास होतो म्हणून परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे. तो डॉक्टरांना सांगावा. व्यायाम आणि हाडांची औषधे असतात. मुदत दीड वर्ष की तीन, हे वय व प्रकृती पाहून त्यांनी ठरवायचे. खर्च झेपत नसेल तर अंडकोष काढण्याची छोटी शस्त्रक्रिया हाही जुना, स्वस्त मार्ग आहे. मात्र तो कायमचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगाचे उपचार आहेत, त्याची चौकशी करावी.

आमचे मत स्पष्ट आहे. उसाच्या तोडीची तारीख आपण वहीत लिहितो. तशीच पुढच्या इंजेक्शनची तारीख घरच्यांनी लिहावी. लाज बाळगू नये.

त्या सभासदांचा पीएसए गेल्या महिन्यात पुन्हा वाढलेला निघाला. ते परत दवाखान्यात जाऊ लागले आहेत. इतरांनी तेवढी वेळ येऊ देऊ नये, एवढेच सांगणे.