एका अक्षराचा वाद

चिंचवडात राहणाऱ्या माणसाला देव भेटणे ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. आमच्या गावात देव हे आडनाव आहे. देव लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतात आणि मठ्ठा आंबट झाला असेल तर तसे सांगतातही. बाहेरगावच्या पाहुण्यांना याची मोठी गंमत वाटते. आम्हाला वाटत नाही, कारण या आडनावामागची हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

ती हकीकत अशी. मोरया गोसावी हे थोर गणेशभक्त. त्यांनी मोरगावच्या मयूरेश्वराची अपार सेवा केली आणि पुढे पवनेच्या काठी, आमच्या चिंचवडात, समाधी घेतली. गणपती त्यांना प्रसन्न झाला आणि म्हणाला, 'तुझ्या वंशात मी सात पिढ्या राहीन.' त्यांचे चिरंजीव चिंतामणी महाराज. त्यांच्या भेटीला देहूहून तुकोबा आले, तेव्हा पानावर साक्षात गजानन जेवायला बसला, आणि तुकोबांनी चिंतामणींना 'देव' म्हटले, तेच पुढे कुळाचे नाव झाले, असे सांगतात. दंतकथा म्हणा हवे तर. पण पेशवाईत भल्याभल्यांनी या देवांपुढे माथा टेकला आहे, आणि ती काही दंतकथा नव्हे.

या जिवंत देवाची वार्ता साहेबाच्या कानी गेल्यावाचून कशी राहील? एडवर्ड मूर नावाच्या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने चिंचवडच्या देवांवर एक निबंधच लिहिला. तो १८०१ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात छापला गेला. वंशपरंपरेने चालणारा जिवंत देव, असे त्याने मथळ्यातच म्हणून टाकले. पुढे १८०९ साली मारिया ग्रॅहम नावाची इंग्रज बाई आली. तिला दिसला तो बारा-एक वर्षांचा मुलगा. इतर पोरांत खेळण्याची त्याला मुभा नव्हती. त्याने बाईंच्या हातावर हिंगाचा वास येणारे बदाम आणि खडीसाखर ठेवली, बाईंनी मूठभर रुपये दिले आणि त्या परतल्या. बाईंच्या लिहिण्यात थट्टेचा सूर आहे. मला मात्र ते वाचताना त्या मुलाचीच कीव आली. देव होण्याचे सुख किती असते ते देव जाणे, पण विटीदांडू नाही म्हणजे फारच झाले!

यावर कोणीही म्हणेल, की अहो, थट्टा करणाऱ्या या साहेबांच्या घरी तरी दुसरे काय होते? नाझरेथच्या एका सुताराच्या घरात वाढलेला मुलगा देव, असेच ना? हा टोला सभेत टाळ्या मिळवील. पण तो नीट लागत नाही. आमच्याकडे देव पुन्हा पुन्हा येतो. कधी अंशाने येतो, कधी पूर्णत्वाने, कधी मुदतीच्या बोलीने सात पिढ्या राहतो. ख्रिस्ती माणूस म्हणतो, तो एकदाच आला, पुरता आला आणि पुरता माणूस होऊन आला. तसा पूर्वी कधी आला नव्हता आणि दुसऱ्या कोणाच्या रूपाने येणार नाही. मूरसाहेबाला चिंचवडचा देव पटला नाही तो देव माणूस होऊ शकत नाही म्हणून नव्हे. तो एकदा झाला, आता जागा भरली, म्हणून!

हे सारे दोनशे वर्षांपूर्वीचे. तेव्हा येशूविषयी मत असणारी माणसे चिंचवडला पाहुणी म्हणून येत. आता ती आमच्याच जिन्यावर राहतात. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी बांधवांची छावणी पडली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एकामागून एक मोटारींचे, स्कूटरींचे, सुट्या भागांचे कारखाने आले. २००९ साली चाकणला जर्मनांनी फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. कारखाना माणूस घेताना त्याचे हात पाहतो, पण हातांबरोबर माणसाचा देवही येतो. आमच्याच इमारतीत कोट्टायमकडची दोन कुटुंबे आहेत, चाकणच्या कारखान्यात फोरमन असलेले एक मुसलमान गृहस्थ आहेत, पिंपरीहून आलेले सिंधी आहेत, आणि आषाढात आठ दिवस रजा टाकणारे वारकरी तर आहेतच.

एका नाताळात खालच्या कोट्टायमच्या बाईंनी गव्हाणीचा देखावा मांडला होता. आम्ही सारे पाहायला गेलो. आमच्या आठ वर्षांच्या नातीने गवतावरच्या त्या बाळाकडे पाहिले आणि साऱ्यांसमक्ष विचारले, "आजोबा, हा देव आहे का?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच आमच्या सौ. म्हणाल्या, "हो तर! हाही देवच."

फोरमनसाहेब हातातली केकची बशी सांभाळीत हसून म्हणाले, "आम्ही त्यांना फार मानतो हं, बेटा. पण देव नाही म्हणत. पैगंबर म्हणतो."

आणि ज्यांच्या घरी आम्ही उभे होतो त्या बाई, चाळीस वर्षे इथे काढून मराठी आमच्याइतकेच चांगले बोलणाऱ्या, अगदी हळू म्हणाल्या, "हाही नाही. हाच."

एवढेच झाले. केक उत्तम होता, बोलणे भलतीकडे वळले. पण वाचकहो, जगात ज्या प्रश्नावर धर्मसभा भरल्या, माणसे हद्दपार झाली आणि घरे मोडली, तो प्रश्न आपल्या मराठीने तीन इवल्या शब्दांत मांडून दाखवला. हाही देव, हाच देव, हा देव नव्हे. भांडण 'देव' या शब्दाचे नाहीच. ते 'ही'चे आणि 'च'चे आहे.

फोरमनसाहेबांचे 'नव्हे' घ्या. त्यात अनादर आहे असे समजणारा फसेल. कुराणात मरियमच्या नावाचा एक आख्खा अध्याय आहे, एकोणिसावा. साऱ्या कुराणात नावानिशी उल्लेख आलेली स्त्री ती एकच. हजरत ईसा बापावाचून जन्मले, त्यांनी आंधळ्यांना डोळे दिले, अल्लाच्या आज्ञेने मेलेल्यांना उठवले, हे सारे मुसलमान मानतो. इतके मानूनही तो एका पायरीवर थांबतो. अल्लाला पुत्र नाही आणि त्याच्या बरोबरीला कोणी नाही. पुण्याच्या लष्कर भागात १८६७ साली उभ्या राहिलेल्या लाल देवळात प्रार्थना करणारे ज्यूही वेगळ्या वाटेने तेच म्हणतात: येशू जन्माने आमच्यातलाच खरा, पण देव माणूस होत नाही, आणि आम्ही ज्या मसीहाची वाट पाहतो तो अजून यायचा आहे.

आता ज्यांचा 'च' आहे, त्यांचे तरी आपसांत जमते का? इसवी सन ३२५ साली निकाया येथे बिशपांची मोठी सभा बसली. (या सभेला २०२५ साली सतराशे वर्षे पुरी झाली.) एरियस नावाचा एक धर्मोपदेशक म्हणत होता, की पुत्र थोर खरा, पण देवाने निर्माण केलेला; तो नव्हता असा एक काळ होता. सभेने ठरवले, पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे. पण वाद मिटला नाही. पुढे काही वर्षे 'एकाच तत्त्वाचा' की 'तशाच तत्त्वाचा' यावर पंडित झगडत राहिले, आणि या दोन ग्रीक शब्दांत फरक काय, तर एका आयोटा अक्षराचा! तेव्हा 'ही' आणि 'च'वर माणसे भांडतात याचे आपण फार नवल करू नये.

आमच्या कोट्टायमच्या दोन घरांतही अशीच एक जुनी भिंत आहे. एक घर रोमच्या पोपला मानणारे, दुसरे ऑर्थोडॉक्स. ४५१ साली खाल्किदोनच्या सभेने सांगितले, की ख्रिस्त एकच, पण त्याच्यात देवपण आणि माणूसपण असे दोन स्वभाव. दुसऱ्या बाजूच्या पूर्वसूरींनी ते नाकारले. देवपण आणि माणूसपण मिळून एकच झाले, दोन कसले मोजता, असे त्यांचे म्हणणे. १९८४ साली पोप दुसरे जॉन पॉल आणि सिरियन ऑर्थोडॉक्सांचे प्रमुख पात्रियार्क पहिले झाका यांनी मिळून जाहीर केले, की हा मतभेद बराचसा शब्दांचा आणि संस्कृतींचा होता, श्रद्धेच्या गाभ्याचा नव्हे. पंधराशे तेहेतीस वर्षांनी! ही दोन घरे मात्र त्याआधीपासूनच एकमेकांकडे मीनमोळी पोचवीत होती.

राहिले आमचे 'ही'. मराठी माणसाला हे फार सोयीचे आहे, आणि ते सर्वस्वी पोकळ आहे असेही नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त, १८७३ साली, येशूला पश्चिमेकडचा बळीराजाच केले. आपल्या शेतकऱ्याच्या काळजाजवळचे नाव त्यांनी त्याला दिले. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८६७ पासून निराळा मार्ग धरला: अवतार म्हणून कोणीच नाही, रामही नाही, कृष्णही नाही, तेव्हा येशूही नाही, पण संत म्हणून त्याला नमस्कार. हा 'नाही' निदान सर्वांना सारखा लागू होता. आमचे दिवाणखान्यातले 'ही' तसे नाही. ते कोणाचे ऐकूनच घेत नाही. समोरचा म्हणतो, 'माझे सारे आयुष्य या एका गोष्टीवर उभे आहे', आणि आपण म्हणतो, 'हो हो, आमच्याकडे असे पुष्कळ आहेत, बसा!'

या बाबतीत मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. संस्कृत शास्त्रांत मुरलेली, विधवा, कडेवर लहान मुलगी, अशी ही बाई १८८३ साली इंग्लंडला गेली आणि वॉन्टेज येथील जोगिणींच्या मठात राहून त्याच वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गहजब झाला. बाटली, संपली, असे लोक म्हणाले. पण तिकडे काय चालले होते ते पुण्याला ठाऊक नव्हते. बाप्तिस्मा घेतलेली ही बाई आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिनला आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या मिस बील यांना पत्रांवर पत्रे लिहून विचारीत होती, की एकात तीन देव कसे? येशू हाच परमेश्वर, हे कोणत्या आधाराने? तुमच्या चर्चने सांगितले म्हणून मी का मानू?

तिची जागा ध्यानात घ्या. स्वजनांनी दार लावून घेतलेले. आईबाप दुष्काळात अन्नावाचून गेलेले. परक्या देशात अन्न, वस्त्र, मुलीचा सांभाळ, सारे या जोगिणींच्या हाती. एक शब्द 'हो' म्हटला असता तर सगळे गोड झाले असते. ती म्हणाली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, ती मला कळत नाहीत आणि माझ्या देशभगिनींनाही कळत नाहीत, संस्कृत का नको, यावरदेखील ती अडून बसली. जोगिणींना ही गर्विष्ठ वाटली. इकडे पुण्याला ती धर्मबुडवी, तिकडे वॉन्टेजला हट्टी. दोन्ही गावांना तिने आपापला शब्द म्हणायला हवी होती. ती पत्रे सिस्टर जेराल्डिनने जपून ठेवली आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने ती ग्रंथरूपाने निघाली. ज्याला वाद कसा घालावा हे शिकायचे असेल त्याने ती वाचावीत.

पुढे भारतात परतल्यावर, पुष्कळ वर्षांनी, ती त्या 'च'पर्यंत पोचली. पण आपल्या पायांनी. मग मात्र असा पक्का 'च', की केडगावला मुक्तिसदनाचा सारा व्याप सांभाळून ती हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साऱ्या बायबलाचे मराठी भाषांतर तिने एकटीने केले. आमच्या संशयाला तिचा विश्वास जितका पेलवत नाही, तितकाच आमच्या विश्वासाला तिचा संशय पेलवत नाही.

नारायण वामन टिळकांची वाट याहून वेगळी, आणि ती तर आमच्या शेजारच्या गावावरून जाते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले, संसाराचे दोन तुकडे झाले आणि ते पुन्हा सांधायला वर्षे गेली. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते सांगायला नको. पण टिळक म्हणत, की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामाच्या पुलावरून. आता पाहा, चिंचवडच्या देवांना देव म्हणणारे तुकोबा, आणि ख्रिस्ताकडे जायला टिळकांना वाट देणारेही तुकोबाच! इंद्रायणीचे पाणी कोणाकोणाला पार करील ते सांगवत नाही. देहूचे वारकरी यावर काय म्हणतील ते मी आमच्या इमारतीतल्या एका वारकऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "पूल आहे, तर माणसं येणार-जाणारच. पण आम्ही आपले पुलाच्या अलीकडे सुखी आहोत."

त्या नाताळानंतर एक लहानसा प्रकार घडला, तोही सांगून टाकतो. कोणी भेट दिलेले येशूचे एक चित्र आमच्या देवघरात कित्येक वर्षे दत्ताच्या तसबिरीशेजारी होते. दत्ताला वाहिले की येशूलाही फूल आणि हळदकुंकवाचे बोट मिळे. सौ. एके दुपारी खाली गेल्या आणि बाईंना सरळ विचारून आल्या, की तुम्हाला हे चालते का? बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतकी वर्षे मला ते पाहून त्रास होत होता. पण तुम्ही प्रेमाने करता, म्हणून बोलले नाही."

"मग काढू का?"

"काढू नका. भिंतीवर लावा, खिडकीजवळ. आणि हळदकुंकू नको."

चित्र आता खिडकीजवळ आहे. फुलाविषयी काहीच ठरले नव्हते, म्हणून सौ. अजून एखादे फूल खिडकीत ठेवतात, आणि खालच्या बाई वर आल्या की ते पाहूनही न पाहिल्यासारखे करतात.