गरोदरपणात विचारायचा एक प्रश्न

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



माझी सगळी नोकरी प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून झाली. बायका दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात, ते मी तिथे शिकले. ‘उन्हाळी लागलीय’, ‘खाली आग होते’, ‘उष्णतेचे फोड आलेत’. यातले काही फोड उष्णतेचे नसतात, जननेंद्रियाच्या हर्पिसचे असतात. कुणी त्याला नागीण समजून लेप लावतं. नागिणीचा विषाणू याच कुळातला, पण वेगळा. बहुतेकींना तर फोड दिसतही नाहीत, किंवा इतके किरकोळ असतात की त्या ते अंगावर काढतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगभरातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना ही लागण आहे, म्हणजे पाचांतल्या एकाहून अधिक. हेच तर मुलं होण्याचं वय. हर्पिसच्या विषाणूच्या दोन प्रकारांपैकी दुसऱ्याची लागण बायकांमध्ये जास्त, कारण पुरुषाकडून बाईला ती सहज होते.

जुनी लागण असलेल्या आईची प्रतिपिंडं बाळाला पोटातच मिळतात, त्यामुळे बाळाला धोका फार थोडा. पण पहिलीच लागण शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर प्रतिपिंडं तयार व्हायला वेळच उरत नाही. तेव्हा नैसर्गिक प्रसूतीत बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के. असं बाळ क्वचितच सापडतं, हे खरं. पण विषाणू मेंदूपर्यंत गेला तर ते दगावू शकतं, किंवा जन्मभराचं अपंगत्व येऊ शकतं.

सगळ्या गरोदर बायकांची हर्पिससाठी रक्ततपासणी करा, असं मी म्हणत नाही. ती तपासणी चुकते, आणि लागण कधी झाली, कुणाकडून झाली, हे सांगत नाही. विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूंत निपचित पडून राहतो. म्हणजे लागण जुनी असली, तरी आज आलेल्या अहवालावरून उद्या बाईच्या चारित्र्याचा निवाडा होईल.

मी मागते ते एवढंच: दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणीला आलेल्या बाईला पडद्याआड, एकटीला, तिच्याच शब्दांत विचारा. खाली कधी फोड आले होते का? नवऱ्याला येतात का? हो म्हणाली तर डॉक्टरांनी बघावं. गरज असेल तर छत्तिसाव्या आठवड्यापासून असायक्लोविर हे विषाणूरोधक औषध सुरू करता येतं. कळा सुरू झाल्यावर फोड दिसले, तर सिझेरियन करून बाळाचा धोका बराच कमी करता येतो. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमधल्या लाल किटमध्ये असायक्लोविर आहे. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही हाताशी असू द्या. नवऱ्याला फोड येत असतील आणि तिला कधीच आले नसतील, तर शेवटचे तीन महिने संबंध टाळायला त्यालाच समजावून सांगा.

विचारल्याशिवाय कळत नाही, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. कुणी विचारलं, तपासलं, म्हणून ते कळलं.

आणखी एक विनंती. माता बाल संरक्षण कार्ड घरात सासू वाचते, नणंद वाचते. गरोदर बाईचं उत्तर त्यावर लिहू नका. दवाखान्याच्या नोंदवहीत लिहा, आणि कार्डावर प्रसूतिकक्षातल्या सिस्टरलाच उमजेल अशी खूण करा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका