किल्ली कोणाच्या ताब्यात?

सत्ता कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाला कुंडलने एकाच पिढीत दोनदा उत्तर दिले. १९३९ मध्ये औंधच्या राजाने आपला राज्याधिकार ग्रामपंचायतींच्या स्वाधीन केला. कुंडल त्याच संस्थानातले गाव. पुढे १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे ते प्रमुख केंद्र झाले आणि तुफान सेनेचे नेतृत्व कुंडलच्याच जी. डी. बापू लाडांनी केले. भूमिगतांना परवलीच्या शब्दाचे बळ जसे ठाऊक असते, तसा त्याचा दुबळेपणाही ठाऊक असतो. ज्याच्या कानी तो पडला, त्याला दार उघडते.

आजचा पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी यांचाही दोष हाच आहे. ठग फोनवर गोड बोलतो, शेतकरी आकडे सांगून मोकळा होतो आणि उसाचे बिल खात्यातून नाहीसे होते. पासकी या नव्या पद्धतीत सांगण्याजोगा शब्दच उरत नाही. किल्लीचा खासगी भाग मालकाकडे राहतो, सार्वजनिक भाग बँकेकडे. बँक दर वेळी नवे गणिती आव्हान पाठवते, मालकाचे यंत्र त्यावर सही करते. सही पडताळता येते, पण तीवरून किल्ली घडवता येत नाही. किल्ली मूळ संकेतस्थळाशीच बांधलेली असल्याने बनावट संकेतस्थळाच्या हाती काही लागत नाही. तंत्र म्हणून हे पाऊल निश्चितच पुढचे आहे.

परंतु तंत्र चांगले असले म्हणजे त्याची मालकीही न्याय्य असते, असे नव्हे. मे २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन बलाढ्य कंपन्यांनी पासकीला व्यापक पाठिंबा जाहीर केला. ज्या कंपनीच्या तिजोरीत किल्ली ठेवावी, तिच्या यंत्रांवर ती सहज पोहोचते. कंपनी बदलू पाहणाऱ्याची मात्र कोंडी होते. कुलूप आपले, किल्ली सावकाराच्या कनवटीला, असाच हा व्यवहार!

यावर उपाय आहे. बिटवॉर्डनसारख्या स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये २०२३ पासून पासकी ठेवता येते आणि तीच किल्ली कोणत्याही कंपनीच्या मोबाइलवर वा संगणकावर वापरता येते. याची आज्ञावली कोणालाही तपासण्यासाठी खुली आहे. मोबाइल हरवला तरी दुसऱ्या यंत्रावरून दार उघडते. मात्र ते उघडते की नाही, हे पहिला मोबाइल हातात असतानाच पाहून ठेवले पाहिजे. सर्व किल्ल्या एका तिजोरीत ठेवण्यात धोका नाही काय? आहे. २०२२ मध्ये लास्टपासकडील ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या सांकेतिक प्रती चोरीला गेल्या. अशा वेळी तिजोरीचा मुख्य पासवर्ड लांब आणि अन्यत्र कोठेही न वापरलेला असणे, हाच बचाव ठरतो. तो कागदावर लिहून घरच्या पेटीत ठेवण्यात कमीपणा नाही.

खरा प्रश्न मात्र ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाइलच नाही, त्यांचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचे झाले, तेव्हा स्त्रीच्या स्वतःच्या ओटीपीबरोबर पतीच्या वा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपीही मागितला गेला. हक्क तिचा, पण किल्ली पुरुषाच्या खिशात! नुसती पासकी आणल्याने हा अन्याय संपणार नाही, कारण मोबाइलचे कुलूप ज्याला उघडता येते, त्याला त्यातली पासकीही बहुधा वापरता येते. घरात एकच मोबाइल असेल, तर स्त्रीची वेगळी तिजोरी आणि केवळ तिलाच ठाऊक असलेला मुख्य पासवर्ड यांना म्हणूनच महत्त्व येते. श्रीमंताला जी सोय वाटते, ती या घरात स्वातंत्र्याची पहिली अट ठरते.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी डिजिटल व्यवहारांत एसएमएसवरील ओटीपीखेरीज अन्य मार्गांनाही वाट करून दिली असून त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. पासकी एका मॅनेजरमधून दुसऱ्यात नेण्याच्या सामायिक नियमांचा मसुदा फिडो संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्येच प्रसिद्ध केला आहे. तेव्हा तांत्रिक अडचणीची सबब आता चालणार नाही. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क देशभरात २०११ मध्ये मिळाला. किल्लीच्या बाबतीतही तोच हक्क कायद्याने मिळाला पाहिजे. सहकारी बँकांनी स्वतंत्र मॅनेजरमधील पासकी स्वीकारावी, ती वापरण्याचे शिक्षण गावोगाव द्यावे, आणि ज्याच्याकडे यंत्रच नाही त्याच्यासाठी शाखेची खिडकी उघडी ठेवावी. औंधच्या राजाने सत्ता आपण होऊन सोडली. कंपन्यांकडून तशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. तेथे संघटित मागणीलाच पर्याय नाही.