टाकीतलं पाणी



आज पिकावर लिहीत नाही, गाडीवर लिहितोय. या पानावर मी माझ्या गाडीचा फोटो टाकला की तुमच्यातले निम्मे जण हसतात. "अहो विका आता ती स्प्लेंडर." विकणार नाही. २००३ ची गाडी आहे. पंधरा वर्षं झाल्यावर एकदा आणि परत पाच वर्षांनी एकदा पासिंग करून आणली, पर्यावरण कर भरला. इंजिन एकदा उतरवून बोअर-पिस्टन केलं. क्लच प्लेटा, चेन स्प्रॉकेट, लायनर यांचा तर हिशोबच नाही. त्यातलं बहुतेक काम मी गोठ्यासमोर पोतं अंथरून स्वतः केलंय. दहावी झाल्यावर दोन वर्षं फलटणला एका मिस्त्रीच्या हाताखाली होतो, तेवढंच माझं शिक्षण.

ही गाडी ठेवण्याचं खरं कारण माझी आक्का. आक्का दिघंचीच्या पुढं, आटपाडी तालुक्यात दिलेली. आमच्याकडनं मोगराळ्याचा घाट चढायचा, दहिवडी, गोंदवलं, म्हसवड, दिघंची. नव्वद किलोमीटर धरा. एसटीनं जायचं तर दोन गाड्या बदला आणि उरलेलं चालत. म्हणून वीस वर्षं महिना-दीड महिन्याला मी गाडीवरच जातो. जाताना गूळ, कोथिंबीर, कधी दळून आणलेलं पीठ. येताना डाळिंबं. आणि खरं सांगायचं तर या पानावर मी जे लिहितो त्यातलं अर्धं त्या रस्त्यावर बघितलेलं असतं. घाट चढला की आपला कॅनॉल संपतो, उसाचा वास संपतो आणि माण सुरू होतं. गाडीवर माणूस थांबतो. कांद्याला पीळ पडलेला दिसला की बांधावर गाडी उभी करून विचारता येतं, काय मारलं, किती दिवसांनी मारलं. चारचाकीच्या काचेतनं हे होत नाही. माझा पोरगा म्हणतो व्हिडिओ कॉल करा की आत्याला. कॉल करतोच. पण आक्काच्या घरातलं ज्वारीचं कणगं किती खाली गेलंय ते कॉलवर दिसत नाही.

आता मूळ गोष्ट.

२०२५ च्या पावसाळ्यात दीड महिना माझं जाणं झालं नाही. आडसाली लागणीची गडबड होती, नंतर कंबर धरली. गाडी गोठ्यात पत्र्याखाली उभी. पत्रा एका जागी गळतो, ते मला माहीत होतं. टाकीच्या झाकणाचं रबर गेलंय, तेही माहीत होतं. रबर किती रुपयाचं? सांगायला लाज वाटते. आज टाकू, उद्या टाकू.

एका रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, दादांच्या छातीत दुखतंय, घाम आलाय, लवकर या." भाच्याचं वय एकोणीस, घरात आक्का आणि तो. पोरगं माझं त्याची गाडी घेऊन पुण्याला बहिणीकडं गेलेलं. मी स्प्लेंडरला किक मारली, चार किकांत चालू झाली, निघालो.

मोगराळ्याच्या घाटात निम्म्यावर गाडी रखडायला लागली. पेट्रोल कमी होतंच, म्हणून कॉक रिझर्व्हला लावला. दोनशे फूट गेली असेल, खोकली आणि बंद. मग कितीही किका मारा, नाही. प्लग काढला तर ओला. पुसून लावला, परत ओला. पाऊस भुरभुरतोय, मोबाईलची बॅटरी तीस टक्के. कार्बोरेटरच्या बाऊलचा खालचा स्क्रू सोडला आणि निघालेलं पाण्याच्या बाटलीत धरलं. थोड्या वेळानं बॅटरीच्या उजेडात बघतो तर बाटलीत दोन थर. वर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी गेलं तर ते तळाला बसायचं, वरचं पेट्रोल तसंच राहायचं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं असेल तोवर मिसळून जातं, गाडी चालते. पण पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याबरोबर खाली येऊन बसतं. म्हणजे चार चमचे पाणी गेलं तर खाली थर त्याच्या कितीतरी पट. आणि कॉकची मेन नळी टाकीत उंच असते, रिझर्व्हची तळाशी. मेनवर होतो तोवर वरचं पेट्रोल येत होतं. रिझर्व्हला लावलं आणि तळातलं सगळं इंजिनात.

पाईप काढून कॉकमधनं तो थर सगळा सांडून टाकला, बाऊल दोनदा धुतला, प्लग लायटरवर वाळवला. दीड तास गेला. पहाटे पोचलो तर घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, जीप मिळाली, पंढरपूरला नेलं. दाजी वाचले, आता शेतातही जातात. पण त्या रात्री पंढरपूरला कागदावर सही कुठं करायची, पैसे किती भरायचे, हे एकोणीस वर्षाच्या पोरानं आणि आक्कानं ठरवलं. आक्का मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चूक माझी, रबर माझं, पत्रा माझा. हे आधी कबूल करून मग पुढचं बोलतो.

मी ऊस लावणारा माणूस आहे, इथेनॉलला शिव्या देणार नाही. एक टन उसाच्या रसातनं साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं, त्याच्यामुळं कारखान्याच्या हातात लवकर पैसा येतो, हे आपण बघितलंय. २० टक्के मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं. आणा. पण आमच्यासारख्या जुन्या गाडीवाल्याला सांगणार कोण? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे की जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के कमी होईल. मंत्रालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील. म्हणजे माहिती आहे. ती पंपावर नाही, एवढंच. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश किती टक्के ते छापल्याशिवाय पोतं विकता येत नाही. मग मी जिथं पेट्रोल भरतो तिथं इथेनॉल किती टक्के हे मराठीत, ठळक, नोझलच्या शेजारी का नसावं? आणि तालुक्याला एखाद्या पंपावर तरी जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचं मिळावं. दोन रुपये जादा घ्या.

दुसरं, पोरांबद्दल. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे, सेन्सर आहे. पोराची गाडी तशीच. थंडीत एका बटणात चालू होते, धूर कमी, मला मान्य आहे. पण घाटात बंद पडली तर बाऊल सोडायला बाऊलच नाही. शोरूमला स्कॅनर लावल्याशिवाय कुणी सांगत नाही काय झालं. तरी चेन किती ढिली, लायनर किती उरला, टायरात हवा किती, एवढं तरी हातानं बघायला काय हरकत आहे? पोराला मागच्या आठवड्यात चेन ताणायला बसवलं. पाना उलटा धरला होता. हसलो नाही, मीही मिस्त्रीकडं पहिल्या दिवशी तसाच धरला होता.

आता मी गाडी आठवड्याच्या वर उभी ठेवायची असली तर कॉक बंद करतो आणि बाऊल रिकामा करतो. पत्रा बदलला. रबरही टाकलं.

रविवारी आक्काकडं जातोय. तुमच्या पंपावर टक्केवारी लिहिलेली आहे का, असली तर कुठल्या भाषेत, तेवढं बघून कळवा.