ती वही घरच्यांनी वाचू नये

सकाळी जिच्यावाचून चैन पडत नव्हतं, त्या मैत्रिणीनं दुपारी फोन उचलला नाही की संध्याकाळी तिचं तोंडही पाहायचं नाही. राग आला की ताट भिरकावायचं, मग रात्रभर स्वतःलाच कोसायचं. कधी स्वतःला इजाही करून घ्यायची. घरात अशी मुलगी असली की आपण ‘नाटकं’ म्हणतो, ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ म्हणतो. (मुलाच्या बाबतीत ‘तापट आहे’ एवढ्यावर भागतं.) कृपा करून लग्नाची घाई करू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हा बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असू शकतो. निदान मात्र त्यांनाच करू द्या, मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून नको.

सोबत नैराश्य असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. मूळ आजारावरचा मुख्य उपचार सायकोथेरपी. तिला महिनोन्‌महिने लागतात, आणि चार बैठकांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणारेच फार. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही त्यातली भरपूर अभ्यासलेली पद्धत अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांनी घडवली. तिची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. याच बाईंना तरुणपणी मनोरुग्णालयात ठेवावं लागलं होतं, हे त्यांनी २०११मध्ये जाहीर सांगितलं.

डीबीटीत रुग्ण रोज आपल्या भावना आणि वागणं नोंदवणारं एक कार्ड भरतो आणि थेरपिस्ट आठवड्याच्या बैठकीत ते समोर ठेवूनच बोलतात. साधी वहीसुद्धा चालते. ‘किती दुःखी आहे मी’ अशी पानंच्या पानं नकोत. घडलं तसं, क्रमानं लिहा:

‘६.१० – आई म्हणाली, परत फोन? मनात आलं, मी कुणालाच नको. छाती आवळली. राग पाचपैकी चार. दार आपटलं. मग गार पाण्यानं तोंड धुतलं. राग दोन.’

एवढं पुरे. दार आपटण्याआधी काय काय झालं, हे बैठकीत यावरूनच उलगडतं, आणि गार पाण्याचा उपयोग झाला हेही कळतं. लहानपणीचे घाव मात्र रात्री एकट्यानं उकरून लिहू नका. ते थेरपिस्ट सांगतील तेव्हा, त्यांच्या सोबतीनं.

आईबाबांनो, ती वही चोरून वाचू नका. वाचली जाते हे कळलं की खरं लिहिणं थांबतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली तर सरळ विचारा, एकटं सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. आजच फोनमध्ये साठवून ठेवा.