सैन्य परदेशी धाडायचे, तर आधी सभागृहाला विचारा



परक्या देशाच्या लढाईत हात घालायचा की नाही, याचा खल दिल्लीत बंद दाराआड होतो. जवान मात्र खेड्यापाड्यांतून जातात. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामाच्या हल्ल्यात धारातीर्थी पडलेल्यांत एक जवान लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा होता, एक मलकापूरचा. ती घटना देशातलीच; पण वर्दी कोणत्या घरांतून जाते, हे आम्हा सुलतानपूरकरांना वेगळे सांगायला नको.

2003 चे इराक प्रकरण आठवावे. सद्दामची राजवट कोसळल्यावर अमेरिकेला भारताकडून एक डिव्हिजन, म्हणजे सुमारे 17 हजार सैनिक हवे होते. महासत्तेच्या पंगतीत बसण्याची हीच वेळ, असे सांगणारे दिल्लीत कमी नव्हते. पण मनोहर जोशी अध्यक्ष असलेल्या लोकसभेने एप्रिलमध्येच या युद्धाची निंदा करणारा ठराव एकमताने केला होता. विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधींनी पंतप्रधान वाजपेयींना पत्र लिहून विरोध कळवला, वर्तमानपत्रांत वाद झडले. अखेर 14 जुलैला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य न पाठवण्याचे ठरवले. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी बगदादमधले खुद्द संयुक्त राष्ट्रांचे कार्यालय बॉम्बने उडवले गेले.

1987 मध्ये अशा वादाला वावच मिळाला नाही. पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी 29 जुलैला कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्याच दिवशी भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरू लागली. शांतता राखायला गेलेले जवान ऑक्टोबरपासून ‘लिट्टे’ या तमिळ बंडखोर संघटनेशी लढत होते. मुंबईत जन्मलेले, 8 महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबरला तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे 1,200 जवान गेले होते. आणि ‘आता परत जा’ म्हणणारे कोण, तर त्याच देशाचे नवे अध्यक्ष प्रेमदासा!

सभागृहाला न विचारता सैन्य पाठवण्याचे पुरस्कर्ते तातडीचा मुद्दा काढतात. तो खोटा नाही. नोव्हेंबर 1988 मध्ये बंड झाल्यावर मालदीवच्या अध्यक्षांनी मदत मागितली आणि त्याच रात्री भारतीय छत्रीधारी सैनिक तिथे पोहोचले. तेव्हा अधिवेशन बोलावत बसले असते, तर बंड यशस्वी झाले असते. पण आधी सैन्य, नंतर ठरावीक मुदतीत सभागृहाची संमती, अशी तरतूद अशा प्रसंगापुरती करता येते. जर्मनीत सशस्त्र मोहिमेला संसदेची परवानगी लागते, तरी तिथले सैन्य अफगाणिस्तानात गेलेच होते. ब्रिटिश संसदेने ऑगस्ट 2013 मध्ये सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव 285 विरुद्ध 272 मतांनी फेटाळला. त्याने ब्रिटनचे काही बिघडले नाही.

आपल्याकडे अडचण अधिकाराची नाही. संविधानाच्या संघ सूचीत पंधराव्या क्रमांकावर ‘युद्ध आणि शांतता’ हा विषय आहे, म्हणजे संसद यावर कायदा करू शकते. कोणत्याही पक्षाच्या सरकारने तो केलेला नाही, हेही नोंदवायला हवे. सत्तेत बसल्यावर मोकळे हात कुणालाही आवडतात. सैनिकांची संख्या, मोहिमेचा हेतू आणि परतीची मुदत सभागृहात मांडून त्यावर मतदान घ्यावे, शस्त्रे किंवा इंधन पुरवायचे असले तरी. जानेवारी 1991 मध्ये आखाती युद्धासाठी निघालेल्या अमेरिकी विमानांना मुंबईत इंधन दिले गेले आणि ओरड झाल्यावर ते फेब्रुवारीत थांबवावे लागले. तेव्हाच्या चंद्रशेखर सरकारने सभागृहाला आधी विचारले असते, तर ती नामुष्की टळली असती.

– एक वाचक, सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलढाणा